काट्याखालची पाचर

“कुलूप शाबूत आहे. म्हणजे किल्लीच फितूर झाली,” मुकादम म्हणाले, आणि दवाखान्याच्या त्या अरुंद खोलीतल्या सगळ्या माणसांनी एकदम काटेताईंकडे पाहिलं.

काटेताईंच्या हातात तपासणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. ठेवला असता तर बाईनं हात टेकले, असं समजायला माणसं टपलेलीच होती. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

दवाखाना म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि वर यायला एक लोखंडी जिना. रस्त्याच्या टोकाला दगड कापायचे आणि घासायचे कारखाने. तिथली पांढरी धूळ इतकी, की सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. तीच धूळ माणसांच्या छातीत. डॉक्टरीणबाई कामगारांना एका नळीत जोरानं फुंकायला लावत. कोणाची किती छाती शिल्लक आहे ते आकड्यात कळे, आणि तो आकडा काटेताई कॉम्प्युटरमध्ये नोंदवत. काम एवढंच. पण कारखानेवाल्यांचा डोळा त्या आकड्यांवर. ज्याची छाती धुळीनं गेली त्याची जबाबदारी कारखान्यावर येते. ती यायच्या आधीच त्याला फाटक दाखवलं, की सुंठीवाचून खोकला गेला.

म्हणून त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं आणि त्याच्या डिस्कला कुलूप होतं. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक ओळ येई आणि परवलीचे शब्द मागे. ते शब्द दोघींनाच ठाऊक होते, डॉक्टरीणबाईंना आणि काटेताईंना. त्यातही रोज ते टाइप करायच्या काटेताई. डॉक्टरीणबाई यायच्या तोवर मशीन उघडलेलं असायचं.

आणि सोमवारी सकाळी मोठ्या कारखान्याच्या फाटकावर दरवानानं एका कागदावरून नऊ नावं वाचली. आजपासून कामावर यायचं नाही. कारण विचारायचं नाही. ते नऊही जण दवाखान्यात फुंकून गेलेले आणि नऊच्या नऊ जणांचे आकडे वाईट. एवढंच नव्हे, नावांचा क्रमसुद्धा दवाखान्याच्या यादीतलाच. पाचवं नाव काटेताईंच्या सख्ख्या धाकट्या दिराचं होतं.

“पुन्हा एकदा सांगा, बुवा,” मुकादम म्हणाले. ते एके काळी त्याच कारखान्यात मुकादम होते, आता दवाखान्याच्या समितीचे मुख्य. त्यांचीही छाती निम्मी गेलेली, दर चार शब्दांमागे एक खोकला. “सगळ्यांना कळेल असं सांगा.”

बुवा म्हणजे भाचेबुवा. डॉक्टरीणबाईंच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा गडी. कुठल्याशा मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी दवाखान्याचं हे लिनक्सचं मशीन बघायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला येतं ते सगळं खरं आणि आपल्याला सुचत नाही ते जगात नाहीच, अशी त्याची ठाम समजूत होती.

“हे बघा,” भाचेबुवा म्हणाला. “बटण दाबलं की आधी मदरबोर्डमधला प्रोग्राम जागा होतो. तो बूटलोडरचा, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रामचा, शिक्का तपासतो. बूटलोडर कर्नलचा शिक्का तपासतो. कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज. एकही शिक्का खोटा निघाला तर मशीन तिथंच थांबतं. मी आज सगळे तपासले. सगळे खरे. त्याच्या पुढं डिस्कचं कुलूप. ते फोडत बसलं तर सात पिढ्या पुरायच्या नाहीत.”

“मग नावं गेली कशी?”

“परवलीचे शब्द कुणाला तरी कळले असतील तरच.” भाचेबुवा फरशीकडे बघत म्हणाला. “मशीनमधून ते जाऊ शकत नाहीत.”

“म्हणजे माझ्या तोंडातून गेले,” काटेताई म्हणाल्या. “सरळ म्हण की! फरशीला काय सांगतोस?”

“ताई, शांतपणे घ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती, पण नजर क्षणभर हलली. काटेताईंना नेमकं ते हलणंच लागलं.

“माझ्या दिराचं नाव त्यात आहे. घरातला माणूस घरी बसवून मला काय मिळालं?”

“कुणाला काय मिळतं ते हल्ली कुणी कुणाला दाखवत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलणाऱ्याला वर मान करायचाही धीर नव्हता.

समितीनं ठरवलं, की चौकशी होईपर्यंत काटेताईंनी मशीनला हात लावू नये.

*

घरी पोचल्यावर त्यांनी पाहिलं, मधलं दार लागलेलं होतं.

दोन भावांचं ते घर. इकडे काटेताईंची खोली आणि स्वयंपाकघर, तिकडे दिराचं, मध्ये एक दार. लग्न होऊन काटेताई आल्या तेव्हापासून ते दार कधी लागलं नव्हतं. मीठ संपलं की जाऊ हाक न मारता आत येई आणि डबा उचलून नेई. नवरा गेला तेव्हा याच दारातून दीर तेरा दिवस येऊन उशाशी बसला होता. आज त्याला पलीकडून कडी.

त्यांनी दार वाजवलं नाही. “भाऊजी,” एवढंच म्हणाल्या.

मग दिराचा आवाज आला, दाराला अगदी चिकटून. “वहिनी, मी येत नव्हतो फुंकायला. तुम्हीच म्हणालात, भाऊजी, या, तुमचा आकडा माझ्या कुलपात राहील. माझ्या कुलपात, असं म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“मग?”

खरं बोलणाऱ्याकडे पुरावा नसला की त्याच्यापेक्षा लबाड बरा दिसतो, कारण लबाडानं उत्तर आधीच तयार ठेवलेलं असतं.

त्या खाटेवर बसल्या. बोलणी खायची ही त्यांची दुसरी वेळ होती.

काटेताई हे नाव त्यांना पडलं ते वजनकाट्यावरून. दवाखान्यात यायच्या आधी एकोणीस वर्षं त्या एका कारखान्याच्या फाटकावरच्या काट्यावर होत्या. दगडानं भरलेले ट्रक जमिनीत बसवलेल्या लोखंडी फळीवर चढत, आणि काटेताई केबिनमधून तबकडी बघून चिठ्ठी लिहीत. त्यांचा एक नियम होता. ट्रकच्या दारावर रिकामं वजन रंगवलेलं असे, ते त्या कधी धरत नसत. आधी रिकामी गाडी तोला, मग भरा, मग पुन्हा तोला. ड्रायव्हर कातावत. “काटेताई, दारावर लिहिलंय की! सरकारी रंग आहे!” काटेताई म्हणत, “रंग तुझा, काटा माझा. चढव गाडी.”

आणि तरी एकदा सलग तीन महिने माल कमी भरत गेला. तपासनीस आला. तबकडीला शिशाचा शिक्का असतो, तो त्यानं भिंगातून पाहिला. शिक्का शाबूत. “काटा खरा आहे. बाई खोटी असेल,” असं म्हणून तो गेला. चार दिवस काटेताईंना फाटकाबाहेर उभं केलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. पाचव्या दिवशी एका गड्याची टोपी वाऱ्यानं फळीखालच्या खड्ड्यात गेली. तो उतरला, आणि त्याला तिथं लाकडाची पाचर सापडली. फळी आणि दांडीच्या मध्ये ठोकलेली. शिक्का वर तबकडीला आणि चोरी खाली खड्ड्यात. ट्रक फळीवर चढायच्या आधीच वजन चुकलेलं.

ते आठवलं आणि काटेताई खाटेवरून उठल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाचेबुवाच्या घरी पोचल्या, तर घरात रंगकाम चाललेलं. कपाटांवर जुन्या चादरी, मधोमध शिडी, आणि शिडीवर भाचेबुवा, नाकाच्या शेंड्याला पिवळा रंग लावून.

“मावशी? तुम्ही कशा इथं?” तो काटेताईंनाही मावशीच म्हणे.

“उतर खाली. आणि मला पुन्हा सांग, बटण दाबल्यापासून. एकही पायरी गाळायची नाही.”

“काल सांगितलं ना.”

“काल मला नाही सांगितलंस, त्यांना सांगितलंस. माझ्याकडे बघायची तुझी छाती झाली नाही.”

भाचेबुवा उतरला आणि रंगाच्या उलट्या डब्यावर बसला. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मदरबोर्ड, बूटलोडर, कर्नल, शिक्के.

“मग कर्नल मला शब्द विचारतो?”

“हो. म्हणजे, तसं नाही. कर्नल स्वतः नाही विचारत.” त्यानं ब्रश डब्यात उभा केला. “कर्नल जागा झाला तरी डिस्क कुठं आहे, कुलूप कसं उघडायचं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्याच्याबरोबर एक गाठोडं येतं. सुरुवातीची इमेज म्हणतात. तात्पुरती हत्यारं असतात त्यात. कर्नल ते मेमरीत सोडतो. त्यातलाच एक छोटा प्रोग्राम तुम्हाला शब्द विचारतो, कुलूप उघडतो, सगळ्यांना खऱ्या घरात नेऊन सोडतो. मग गाठोड्याचं काम संपलं.”

“हे गाठोडं असतं कुठं? कुलपाच्या आत?”

“आत कसं असेल, मावशी? कुलूप उघडायची हत्यारंच त्यात. बाहेर एक छोटा कप्पा असतो डिस्कवर, तिथं असतं.”

“उघड्यावर?”

“उघड्यावर.”

“आणि त्याच्यावर शिक्का कुणाचा?”

भाचेबुवानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग हळूच म्हणाला, “त्याच्यावर शिक्का नसतो. ते गाठोडं ज्याच्या त्याच्या मशीनवरच बांधलं जातं, प्रत्येकाचं वेगळं. मूळ बनवणाऱ्यांना त्याच्यावर शिक्का मारता येत नाही. म्हणून ते कुणी तपासत नाही. बहुतेक ठिकाणी असंच असतं.”

“बहुतेक ठिकाणी असंच असतं,” काटेताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि भाचेबुवा डब्यावर मागे सरकला. “वाड्याला तीन दरवाजे, तिघांवर पहारा. आणि आत शिरताना जो माझ्याकडे हात पुढं करून किल्ली मागतो, तो कोण, कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही. आणि काल तू चारचौघांत म्हणालास, मशीनमधून जाऊच शकत नाही!”

“पण मावशी, गाठोडं बदलायचं तर मशीन कुणाच्या तरी हातात पडायला हवं.”

“पडलं होतं की. दोनदा. मीच नेलं, लेकरासारखं कडेवर घेऊन.”

गेल्या महिन्यात मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला होता. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात ते दोन दिवस होतं. द्यायच्या आधी काटेताईंनी भाचेबुवाला फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, “बिनधास्त द्या हो. कुलूप आहे. चोरानं नेलं तरी त्याला भुसाच मिळेल.” मशीन परत आलं. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन. तुम्हाला बसवलेला डबा खराब मालातला निघाला, घेऊन या, फुकट बदलून देतो. काटेताईंना तेव्हाच वाटलं होतं, की या बाजारात कुणी सुतळीचा तोडा फुकट देत नाही. पण कुलूप होतं ना!

“पहिल्या वेळी पाचर ठोकली,” त्या म्हणाल्या. “मी आठ दिवस रोज तिला शब्द सांगितले. दुसऱ्या वेळी शब्द काढून घेतले आणि यादी उतरवून घेतली.”

भाचेबुवाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नाकावरचा पिवळा तेवढा राहिला. “असं झालं असेल. पण सिद्ध कसं करायचं? आधी गाठोडं कसं होतं ते कुठं आहे आपल्याकडे?”

काटेताईंनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. डब्यात एक पाकीट, पाकिटाच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंची आडवी सही, तारखेसह.

“रिकामी गाडी तोलल्याशिवाय मी काही बाहेर जाऊ देत नाही, हे विसरलास? मशीन द्यायच्या आधी याची नक्कल करून दे, म्हणून मी तुझ्या मागं लागले होते. तू काय म्हणालास?”

भाचेबुवाला आठवलं आणि त्यानं डोळे मिटले. सबंध डिस्कची नक्कल करायची तर तीन तास मोडले असते. आत कुलूपबंदच आहे सगळं, असं म्हणून त्यानं फक्त बाहेरच्या छोट्या कप्प्याची नक्कल पेनड्राइव्हवर काढली होती. दोन मिनिटांचं काम. काटेताई गप्प बसाव्यात म्हणून. त्याच्या लेखी अगदी बिनकामाची वस्तू.

त्यानं पाकिटाकडे हात नेला. काटेताईंनी ते मागं घेतलं.

“इथं नाही. तू आणि मी उघडलं तर उद्या म्हणतील, दोघांनी मिळून घातलं. सगळ्यांसमोर उघडायचं. ज्यांनी काल माझ्याकडे पाहिलं ते सगळे हवेत. आणि माझे दीरही.”

*

दुपारी खोलीत काल होती तीच माणसं. दीर दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

भाचेबुवानं दवाखान्याचं मशीन चालू केलंच नाही. त्यातली डिस्क काढली आणि स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. “ज्याच्यावर संशय त्यालाच साक्ष कशी विचारायची?” तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पाकिटावरची आपली सही पाहिली, मुकादमांना दाखवली आणि पाकीट फाडलं.

“एकेका फाइलचा ठसा निघतो,” भाचेबुवा सांगू लागला. “आत एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा बदलतो. हा पेनड्राइव्हवरच्या गाठोड्याचा. आणि हा डिस्कवरच्या.”

पडद्यावर अक्षरं-आकड्यांच्या दोन लांबच लांब ओळी आल्या. वाचता न येणाऱ्यालाही कळलं असतं. सुरुवातीलाच दोघींनी वेगळ्या वाटा धरल्या होत्या.

“तू दर महिन्याला अपडेट करतोस ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यानं बदललं असेल.”

“अपडेट केला असता तर बदललं असतं,” भाचेबुवा ओशाळून म्हणाला. “गाठोडं नव्यानं बांधलं गेलं असतं आणि हे जुनं पुसून गेलं असतं. पण या महिन्यात मी तो केलाच नाही. घरात रंगकाम होतं.”

“म्हणजे बुवांचा आळस कामाला आला,” मुकादम खोकत म्हणाले.

भाचेबुवानं दोन्ही गाठोडी सोडली आणि आतल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. हजारावर फाइली जशाच्या तशा. एक वेगळी. शब्द विचारणाऱ्या प्रोग्रामच्या शेजारची. तिच्यात बारा ओळी जास्त होत्या. त्यानं त्या सोप्या करून सांगितल्या. बाईनं टाइप केलेले शब्द घ्या. आधी बाहेरच्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा. मग कुलपाला द्या. पडद्यावर काही दाखवू नका.

मुकादमांनी आपलं स्टूल पडद्याजवळ ओढलं.

“तो कोपरा उघड,” मुकादम म्हणाले.

भाचेबुवानं उघडला, वाचलं, आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. “मावशी, तुमचे शब्द आहेत. मी मोठ्यानं वाचत नाही.”

“वाच. बाजारभर झालेत ते. इथं कसली लाज?”

तो वाचेना. तेव्हा दाराशी उभा असलेला दीर पुढं आला, वाकला, आणि एकेक शब्द सुटा करत वाचू लागला.

“शेवटी… अडतीस… किलो… भरले.”

तो तसाच वाकलेला राहिला. ते कुणाचं वजन हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक्याऐंशी किलोचा गडी, या दिराचा थोरला भाऊ, धुळीनं आतून पोखरत पोखरत गेला, तेव्हा इस्पितळातल्या काट्यावर दोघांनी मिळून त्याला उचलून ठेवला होता. वजन वाचलं होतं काटेताईंनीच. वाचायची सवयच त्यांची.

“हे मी कुणाला सांगेन, भाऊजी?” काटेताई म्हणाल्या. “हे मी कुणाला विकेन?”

दीर खाली बसला. स्टूल होतं, पण तो फरशीवरच बसला.

*

मुकादम उठले. “ताई, चुकलं आमचं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आता झालं गेलं विसरून जा. उद्यापासून मशीन तुमच्या ताब्यात.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“सोमवारपासून फाटकावर माझं नाव गाजतंय. पाण्याच्या नळावर बायका मला बघून घागरी बाजूला ओढतात. आणि तुम्ही या खोलीत, खिडकी लावून, मला विसरायला सांगता? विसरायचं तिथं जाऊन सांगा. शुक्रवारी पाळी सुटताना, फाटकावर, मोठ्यानं. तोवर माझं बोट त्या बटणाला लागायचं नाही.”

“मला बोलताना दम लागतो हो.”

“माझ्याविषयी बोलताना नव्हता लागला.”

डॉक्टरीणबाई काही बोलायला गेल्या. काटेताईंनी त्यांच्याकडेही पाहिलं. “बाई, तुमच्या डोळ्यांचंही मी विसरलेले नाही. पण तुमच्याशी मी नंतर बोलेन, आपण दोघीच.” मग त्या भाचेबुवाकडे वळल्या. “आणि तू! शिक्क्यांवर विश्वास ठेवलास, त्याचा मला राग नाही. मीही ठेवला. ज्याच्यावर शिक्का नव्हता ते तू तोललंच नाहीस, आणि वजन जुळेना तेव्हा सरळ माझं नाव घेतलंस. यंत्राची शंका घ्यायला तुला पुरावा लागतो. माणसाची घ्यायला काहीच लागत नाही?”

भाचेबुवानं मान खाली घातली. या वेळी फरशी बघण्यासाठी नव्हे.

शुक्रवारपर्यंत त्यानं मशीन नव्यानं उभं केलं. कर्नल, सुरुवातीची इमेज आणि सुरू होतानाच्या सूचना, तिन्ही एकाच फाइलीत बांधल्या आणि त्या सबंध फाइलीवर स्वतःचा शिक्का मारला. मदरबोर्डला सांगितलं, की हा शिक्का असेल तरच पुढं जायचं, आणि ती सूचना कुणी बदलू नये म्हणून तिलाही पासवर्ड. शिक्का मारायची किल्ली दवाखान्यात ठेवलीच नाही. ती पाकिटात, पाकीट काटेताईंच्या पत्र्याच्या डब्यात.

“आता विश्वास ठेवायला हरकत नाही, मावशी.”

“चालतंय हे दाखवलंस. अडतंय ते दाखव.”

“म्हणजे?”

“पाचरवालं गाठोडं आहे ना तुझ्याकडे? ते घाल त्यात. बघू दे मला, हाकलून देतं का.”

भाचेबुवानं शिक्का असलेली फाइल सोडवली, आत पाचरवालं गाठोडं भरलं आणि पुन्हा बांधून ठेवली. बटण दाबलं. पडदा काळा झाला, एक तांबडी चौकट आली, शिक्का जुळत नाही असं सांगून मशीन तिथंच बसलं. शब्द विचारायची ओळ आलीच नाही. काटेताई त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिल्या. सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यातला ताठा थोडा सैल झाला.

“आणखी एकदा कर,” त्या म्हणाल्या.

*

शुक्रवारी पाळी सुटली. मुकादम फाटकाजवळच्या दगडावर चढले. दरवान धावत आला, त्याला ते म्हणाले, “मी तुझ्या मालकाच्या जमिनीवर नाही, रस्त्यावर आहे.” मग चार शब्द, एक खोकला, चार शब्द, एक खोकला, असं करत सगळं सांगितलं. मशीनमध्ये पाचर होती. ती बाजारातल्या दुकानात ठोकली गेली. तो दुकानदार परवापासून दुकान बंद करून पसार आहे. त्याला कुणी पुढं केलं ते आम्ही कागदानिशी विचारणार आहोत, नऊच्या नऊ जणांना घेऊन. आणि मग, सगळ्यात मोठ्यानं, “काटेताईंनी एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. फितूर म्हटलं ते मी म्हटलं. खोटं म्हटलं.”

काटेताई रस्त्याच्या पलीकडे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. नळावरच्या एका बाईनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा त्यांनी फक्त पदर सारखा केला. फाटकाच्या आत नऊ जागा अजून रिकाम्या होत्या. त्या कधी भरतील, भरतील की नाही, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं, आणि तेवढ्यासाठी राग थोडा शिल्लक ठेवलेला बरा, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी त्यांनी लोखंडी जिना चढून खोली उघडली, खिडकी पुसली आणि बटण दाबलं. शब्द विचारणारी ओळ आली. काटेताईंनी नवे शब्द टाइप केले. ते काय होते हे इथं सांगायचं कारण नाही.

मागं जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मध्ये थांबत, दम घेत. दीर आत आला. त्याच्या हातात मिठाचा डबा होता, काटेताईंचा, गेल्या आठवड्यात जाऊ घेऊन गेली होती तो.

“मधलं दार उघडंच होतं,” तो म्हणाला. “तुम्ही लवकर निघालात, म्हणून इकडे आणला.”

“ठेवा तिथं.”

त्यानं ठेवला. मग भिंतीजवळच्या खुर्चीत बसला आणि नळीकडे हात केला. “चौकशीला ताजा आकडा लागेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई.”

“लागेल. पण भाऊजी, विचार करा. तुमचं नाव पुन्हा यात जाईल.”

“जाऊ दे, वहिनी. पूर्ण लिहा. वडिलांचं नाव मध्ये घालून लिहा.”

काटेताईंनी नळी पुसून त्याच्या हातात दिली.

“फुंका,” त्या म्हणाल्या.